जुन्या पाटीवरची अक्षरं फॉन्टमध्ये आणताना 'र' कुठला घ्यायचा?

तिरकी_मात्रा

नमस्कार मंडळी. तीन महिने एका गोष्टीपाशी अडकून पडले आहे, म्हणून धागा काढते आहे.

माझ्याकडे एका जुन्या दुकानाच्या पाटीचा फोटो आहे. पत्र्यावर ऑइल पेंटनं रंगवलेली, पिवळ्या जमिनीवर तांबडी अक्षरं आणि काळी शेड. मजकूर एवढाच: 'सुंदर वस्त्रभांडार'. पाटी आता उतरवली गेली. त्याआधी शिडी लावून अगदी समोरून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घेता आला हे माझं नशीब. अक्षरं इतकी मनात बसली की त्यांच्यावरून पूर्ण देवनागरी फॉन्ट करायला घेतला.

स, द, व, भ, ड नीट उतरले. मग तेच दोन शब्द माझ्या फॉन्टमध्ये टाइप करून फोटोखाली ठेवले, आणि पाहतच राहिले. प्रत्येक रेघ जिथल्या तिथे, जाडी तीच, गोलाई तीच. तरी वरची पाटी बोलते आहे आणि खालचा माझा शब्द नुसता उभा आहे.

शोधता शोधता 'र'पाशी येऊन थांबले. पाटीवर सुटा र दोनदा आहे आणि दोन्ही वेगळे आहेत. 'सुंदर'मधल्या र ची शेपटी खाली उजवीकडे लांब सुटते, थेट पुढच्या 'व'च्या पोटाखाली जाऊ पाहते. 'भांडार'मधला र आखूड आहे, खांद्याला किंचित अरुंद, शेपटी आवरून घेतलेली. मी पहिला घेतला, कारण तो देखणा आहे. पण 'रस्ता' टाइप केलं की ती शेपटी स मध्ये घुसते. दुसरा घेतला तर प्रत्येक शब्द चिमटीत धरल्यासारखा दिसतो.

शिवाय या पाटीत एकही वेलांटी नाही, मात्रा नाही, ल नाही, श नाही. ते सगळं मी मनानं काढायचं का? पाट्यांवरून फॉन्ट करणारे लोक हे कसं सोडवतात? जाणकारांनी लिहावं.

पट्टीब्रश

ताई, मी बावीस वर्षं बोर्ड रंगवले. आता हात थोडा कापतो म्हणून काम कमी केलंय. फॉन्टमधलं मला कळत नाही, र चं सांगतो.

आम्ही अक्षर रंगवत नाही, शब्द बसवतो. पत्रा समोर आला की आधी सूत मारायचं, वरची रेघ आणि खालची रेघ. मग खडूनं पूर्ण मजकूर हलक्या हातानं लिहून बघायचा. अक्षरं मोजायची, पण सगळी सारखी मोजायची नाहीत. 'र' अर्ध्या जागेत मावतो, 'स्त्र'ला दीड लागते. मधोमध खूण करून दोन्ही बाजूंना वाटणी करायची. ही वाटणी चुकली तर रंग कितीही चांगला लावा, बोर्ड चुकलाच.

तुमच्या पाटीवर पहिल्या र च्या पुढे दोन शब्दांमधली मोकळी जागा आहे. ती रिकामी दिसू नये म्हणून शेपटी तिथे सोडली. दुसरा र चौकटीजवळ आहे. जागा संपली म्हणून तो आखडलेला नाही हं, खडूच्या वेळीच ते ठरलेलं असतं. काठाला टेकलेलं अक्षर लांबून वाचताना चौकटीत मिसळून जातं. म्हणून शेवटचं अक्षर आवरतं घ्यायचं.

दोन्ही र बरोबर आहेत. एकमेकांच्या जागी टाकले तर दोन्ही चूक.

खिळे_जुळारी

फार चांगला धागा, आणि पट्टीब्रश यांचा प्रतिसाद जपून ठेवण्यासारखा.

मात्राताई, तुमचा दुसरा प्रश्न, म्हणजे नसलेल्या अक्षरांचं काय करायचं, हा या कामाइतकाच जुना आहे. गॉथम हा फॉन्ट घ्या. टोबायस फ्रिअर-जोन्स यांनी २००० साली एका मासिकासाठी तो केला. त्याचं मूळ न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवरच्या बस टर्मिनलच्या इमारतीवर बसवलेल्या धातूच्या अक्षरांत आहे. ती अक्षरं कुणा नावाजलेल्या टंककारानं, म्हणजे छपाईची अक्षरं घडवणाऱ्यानं, आखलेली नव्हती. एखाद्या इंजिनिअरनं पट्टी आणि कंपास घेऊन काढावीत तशी ती साधी, रुंद, ठाम होती. फ्रिअर-जोन्स मॅनहॅटनभर हिंडून अशा जुन्या अक्षरांचे फोटो घेत राहिले. पण तिथे होती ती सगळी मोठ्या लिपीतली, म्हणजे कॅपिटल. लहान लिपी त्यांना पूर्ण नव्यानं रचावी लागली. पुढे २००८ च्या ओबामा यांच्या प्रचारात जगानं पाहिला तो हाच फॉन्ट, आणि त्यातली लहान अक्षरं त्या इमारतीवर कधीच नव्हती.

याहून जुनं उदाहरण रोमचं. सम्राट ट्राजनच्या स्तंभाखालचा इ.स. ११३ चा शिलालेख रोमन अक्षरांचा आदर्श मानला जातो. आजच्या २६ पैकी १९ अक्षरंच त्यात आहेत. एच, जे, के, यू, डब्ल्यू, वाय आणि झेड नाहीत. कॅरल ट्वॉम्ब्ली यांनी १९८९ मध्ये त्याच्यावरून 'ट्राजन' हा फॉन्ट केला तेव्हा ही सातही अक्षरं उरलेल्यांच्या वळणावरून घडवावी लागली. आज ती परकी वाटत नाहीत.

आणि पट्टीब्रश, हे खास तुमच्यासाठी. त्या शिलालेखाचा सर्वात बारीक अभ्यास एडवर्ड कॅटिच नावाच्या पाद्र्यांनी केला. तरुणपणी ते शिकागोत पाट्या रंगवायचे. १९६८ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं की ही अक्षरं छिन्नीनं जन्मली नाहीत. आधी कुणीतरी चपट्या ब्रशनं ती दगडावर लिहिली आणि मग ती कोरली गेली. रेघेच्या टोकाचा तो काटा, जाड-बारीकचा तो खेळ, सगळा ब्रशच्या वळण्याचा. हे त्यांना दिसलं, कारण तो ब्रश त्यांनी स्वतः हातात धरला होता.

पट्टीब्रश

दगडाचं माहीत नव्हतं. वाचून अंगावर काटा आला. धन्यवाद.

अर्धा_र

आता थोडं तांत्रिक. मी देवनागरी फॉन्टच्या प्रोग्रॅमिंगचं काम करतो.

ताई, 'कुठला र' या प्रश्नाचं उत्तर 'दोन्ही' असं आहे. फॉन्टमध्ये एका अक्षराच्या अनेक आकृत्या ठेवता येतात आणि शेजारी कोण आहे ते पाहून कुठली वापरायची याचे नियम लिहिता येतात. इथे एक युक्ती सांगतो. बहुतेक जण आखूड र मूळ ठेवतात आणि 'पुढे मोकळी जागा असेल तर लांब घे' असा नियम लिहितात. तो बऱ्याच ठिकाणी फसतो, कारण काही प्रोग्रॅम मजकूर शब्दाशब्दानं तोडून फॉन्टकडे पाठवतात, त्यामुळे मोकळी जागा नियमाला दिसतच नाही. उलटं करा. लांब शेपटीचा र मूळ ठेवा आणि 'पुढे अक्षर असेल तर आखूड घे' असं लिहा. शब्दाच्या शेवटी आपोआप लांबच राहील. चौकटीजवळचा आवरलेला र तिसरा पर्याय म्हणून द्या, तो मांडणी करणाऱ्यानं हातानं निवडावा. कागदाचा काठ कुठे आहे हे फॉन्टला कधीच कळत नाही.

वेलांटीचंही तसंच. पहिली वेलांटी 'नि'वर जेवढी पसरते तेवढीच 'क्षि'वर ठेवली तर ती मध्येच तुटल्यासारखी दिसते. चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये या एका वेलांटीच्या वेगवेगळ्या रुंदीच्या अनेक आकृत्या असतात आणि खालच्या अक्षराप्रमाणे बदलतात. पेंटर हे डोळ्यानं करतो, आपल्याला एकेक रुंदी मोजून करावं लागतं.

मराठीसाठी फॉन्ट करताय तर ल आणि श मराठी वळणाचे घ्या, दोन पाकळ्यांचा ल आणि गाठीचा श. हिंदी वळणाचे ठेवायचे असले तर ते भाषेनुसार बदलतील अशी सोय करा. ळ, ॲ, ऑ आणि 'दऱ्या'मधला ऱ्य विसरू नका. पाट्यांवरून केलेल्या फॉन्टमध्ये ऱ्य हमखास राहून जातो, कारण तो क्वचितच कुठल्या पाटीवर सापडतो.

शाईचा_डाग

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. चर्चा छान चालली आहे, पण ती अक्षरं कुणाची आहेत?

मात्राताईंनी पाटीच्या कोपऱ्यात पाहिलं का? बोर्डाच्या खालच्या कोपऱ्यात पेंटर बारीक अक्षरांत नाव घालतात. त्या माणसानं आयुष्यभर कमावलेलं वळण आपण फोटोतून उचलणार, फॉन्ट म्हणून लोकांना देणार आणि नाव मात्र आपलं लावणार, हे मला टोचतं.

हनीफ कुरेशी यांचा 'हँडपेंटेड टाइप' प्रकल्प आठवा. भारतातल्या रस्त्यांवरच्या पेंटरांची अक्षरं त्यांनी डिजिटल फॉन्टमध्ये आणली आणि फॉन्टला नावंही पेंटरांचीच दिली, उदाहरणार्थ 'पेंटर कफील'. पेंटरांकडून अक्षरं नव्यानं रंगवून घेतली. २०२४ मध्ये कुरेशी गेले, पण ती रीत मला आजही योग्य वाटते.

खिळे_जुळारी

तुमच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. या बाबतीत छापखान्यांचा इतिहासही फार अभिमानाचा नाही. विल्यम कॅस्लन चौथे यांच्या १८१६ सुमाराच्या नमुन्यात टोकाला काटे नसलेला पहिला रोमन टंक (छपाईचा अक्षरसंच) दिसतो, असं टंकांच्या इतिहासात लिहिलेलं असतं. पण लंडनमध्ये पाट्या रंगवणारे त्याच्या आधीपासून तशी अक्षरं काढत होते, लोक त्यांना 'इजिप्शियन' म्हणायचे. छापखान्यानं ती रस्त्यावरून उचलली. कॅस्लन यांचं नाव नोंदलं गेलं, ब्रश धरणाऱ्यांपैकी एकाचंही नाही.

तिरकी_मात्रा

@शाईचा_डाग, तुमचं वाचलं आणि लगेच फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात नाव आहे. शेडच्याच काळ्या रंगात, माझ्या करंगळीच्या नखाएवढं. तीन महिने रोज हा फोटो उघडते आहे आणि ते नाव पत्र्याचा डाग समजून मी पुसून टाकलं होतं. मनापासून वाईट वाटलं. शोध घेते.

@अर्धा_र, र चा नियम उलटा लिहून पाहिला. 'सुंदर' आता खरंच सुंदर दिसतो आहे. पण 'वस्त्रभांडार' अजून जड वाटतो. पाटीवर तो शब्द रुंदीला भरपूर पसरलाय, म्हणून मी माझा शब्द आडवा ताणून पाहिला. तेव्हा तर सगळंच बिघडलं.

अर्धा_र

ताणू नका! संगणकावर अक्षर आडवं ताणलं की उभ्या रेघा जाड होतात आणि आडव्या तशाच राहतात. 'भा'चा काना खांबासारखा दिसू लागतो आणि शिरोरेघा त्याच्यापुढे दोरा वाटते. पेंटर शब्द पसरवतो तेव्हा त्याच्या हातातला ब्रश तोच असतो. रेघेची जाडी बदलत नाही, आतली पोकळी वाढते. भ ची गाठ मोकळी होते, ड चं पोट रुंदावतं, पण रेघ तेवढीच.

१९८० च्या दशकात संगणकावर चालणारी, चिकटकागदातून अक्षरं कापणारी यंत्रं आली. त्यांच्यावर जागा भरायला अक्षरं बेधडक ताणली जायची. पाट्यांचं रूप बिघडायला ते एक मोठं कारण ठरलं असं माझं मत आहे. यंत्राचा दोष नव्हता, त्याला अक्षराची एकच रुंदी दिलेली होती.

आता उपाय आहे. २०१६ मध्ये व्हेरिएबल फॉन्टचं तंत्र जाहीर झालं. त्यात तुम्ही अरुंद आणि रुंद अशी दोन टोकं स्वतः काढायची, दोन्हीकडे रेघेची जाडी तुम्हाला हवी तीच ठेवायची. मधल्या सगळ्या रुंदी फॉन्ट स्वतः काढतो. पाटीच्या अक्षरांना याच्याइतकं जवळचं तंत्र दुसरं नाही. काम दुप्पट आहे, हे आधीच सांगतो. जोडाक्षरं धरून देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकृत्या होतात, त्या सगळ्या दोन वेळा.

पट्टीब्रश

अर्धा_र दादांनी बरोबर सांगितलं. एका ओळीत ब्रश बदलायचा नाही, हे मला पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं.

शिरोरेघेबद्दल विचारायचं होतं. ताई, तुमच्या फॉन्टमध्ये ती प्रत्येक अक्षराला सुटी सुटी असते का? मी ती सगळ्यात शेवटी ओढतो. अक्षरांची डोकी थोडी वरखाली झालेली असतात, त्यांच्यावरून एका दमात रेघ गेली की सगळी एका घरातली होतात. ब्रश भरून घ्यायचा, मनगट काठीवर टेकवायचं, मग हात नाही हलवायचा, अंग सरकवायचं. सुरुवातीला रंग जरा जास्त बसतो, शेवटाला कमी. नीट बघितलं तर तुमच्या पाटीवरही दिसेल.

शेडचंही सांगतो. इंग्रजी बोर्डाला आम्ही शेड डावीकडे खाली मारायचो, कारण बी, डी, ई, आर यांची उभी सरळ रेघ डावीकडे असते. सरळ रेघेला शेड पटकन बसते, गोलाईला वेळ लागतो. देवनागरीत काना, दंड उजवीकडे. तिथे उजवीकडे शेड मारली की सोपं पडतं आणि अक्षर उठूनही दिसतं. तुमच्या पाटीवर कुठे आहे?

तिरकी_मात्रा

उजवीकडे खाली! आणि शिरोरेघा मोजली. 'वस्त्रभांडार'च्या सुरुवातीला शेवटापेक्षा ती जवळजवळ दीड मिलिमीटर जाड आहे. मी ती पाटी गंजल्याची खूण समजून सरळ करून टाकली होती.

फॉन्टमध्ये ती सुटीच असते दादा. प्रत्येक अक्षराबरोबर एक तुकडा येतो, आणि शेजारच्या तुकड्यावर तो थोडा चढेल असा ठेवावा लागतो, नाहीतर सांध्यात केसाएवढी फट दिसते. एका दमातली रेघ तशी आणता येणार नाही. पण शब्दाच्या पहिल्या अक्षराची डावी बाजू किंचित भरीव ठेवून पाहीन.

गेरू

बराच वेळ नुसती वाचत होते. एकच विनंती आहे: फॉन्टवर खोटे ओरखडे घालू नका. जुन्या पाटीचा म्हणून रंग उडालेला, पोपडे निघालेला फॉन्ट बरेच जण करतात. मग एका ओळीत चार 'अ' येतात आणि चारही 'अ'ना त्याच जागी तोच ओरखडा असतो. डोळ्याला ते लगेच कळतं. पेंटरनं पाटी चकचकीत, भरीव रंगवून दिली होती. पोपडे उन्हापावसानं आणले, ते त्याच्या अक्षराचा भाग नाहीत. तुमच्या फॉन्टमध्ये ती पाटी लावली त्या दिवशी दिसली असेल तशी दिसू दे.

शाईचा_डाग

+१ गेरू. अगदी मनातलं.

तिरकी_मात्रा

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, उशीर झाला त्याबद्दल क्षमा.

पेंटरकाका सापडले. कोपऱ्यातल्या नावावरून विचारत विचारत पोचले. नाव इथे देत नाही, त्यांची परवानगी फॉन्टपुरती आहे. रंगवायचं सोडून त्यांना बरीच वर्षं झाली. फोटो दाखवला तर त्यांनी आधी अक्षरं पाहिलीच नाहीत, बोटानं पाटीचा उजवा काठ चाचपला आणि म्हणाले, "इथे खिळा होता. म्हणून र आत घेतला." पट्टीब्रश, म्हणजे तुमचं म्हणणं खरंच आहे, त्यात एका खिळ्याची भर.

मग माझ्या फॉन्टची छापील पानं दिली. त्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर पाहिलं. स वर थांबले. मी त्याच्या मधल्या आडव्या रेघेचा दंडाशी काटकोन केला होता. ते म्हणाले, "ही रेघ मी खालून वर नेतो, दंडाला भेटेपर्यंत चढलेली असते." फोटोत पाहिलं तर खरंच चढ आहे, बारीकसा. मी तो हाताचा कंप समजले होते.

मी नसलेल्या अक्षरांची यादी करून नेली होती: ल, श, ळ, झ, ठ, ढ, ण, ऱ्य आणि दोन्ही वेलांट्या. कागद, चपटा ब्रश आणि काळा रंगही नेला होता. म्हटलं, काका, एवढी अक्षरं एकेक करून काढून द्याल का? त्यांनी ब्रश हातात घेतला, बोटांत फिरवला, 'ल'पाशी आले आणि थांबले. बराच वेळ. मला वाटलं हात साथ देत नसेल. मग म्हणाले, "सुटं अक्षर कसं काढू, बाई? शब्द सांग."

मी गडबडीत 'लक्ष' सांगितला. त्यांनी खडूच्या दोन रेघा मारल्या आणि ब्रश टेकला. तो ल मी तुम्हाला दाखवेनच. डावी पाकळी मोठी, उजवी लहान, आणि त्या लहान पाकळीत शेजारच्या 'क्ष'ला पुरेल एवढीच जागा सोडलेली. माझ्या वहीत ल चे सोळा प्रयत्न आहेत, त्यातला एकही असा नाही.

पुढच्या रविवारी परत बोलावलं आहे. "शब्द घेऊन ये, पाटीवर शोभतील असे," म्हणाले. फॉन्टला त्यांचं नाव द्यायचं ठरलं आहे. पैशांचंही आमचं बोलणं झालं, ते आमच्या दोघांतलं.

आता तुमची मदत हवी आहे. असे शब्द सुचवा ज्यांत ही अक्षरं येतील, आणि जमलं तर सुरुवातीला, मध्ये, शेवटी अशा वेगवेगळ्या जागी.

अर्धा_र

'दऱ्याखोऱ्या'. एका शब्दात ऱ्य दोनदा, एक मध्ये आणि एक शेवटाकडे. वेलांटीसाठी 'शिल्पकला' आणि 'क्षितिज'. 'क्षितिज'मध्ये दोन पहिल्या वेलांट्या येतात, एक रुंद अक्षरावर आणि एक अरुंद अक्षरावर. ते दोन्ही कसे हाताळतात ते मला बघायचंच आहे.

खिळे_जुळारी

'झुळूक'. झ, ळ आणि दोन्ही उकार. आणि 'आषाढ', ढ शेवटी मिळेल.

गेरू

'ठिणगी'. ठ, ण, आणि दोन्ही वेलांट्या एकाच शब्दात.

पट्टीब्रश

ताई, 'कारागीर' घ्या. शेवटचा र काकांना यावेळी मोकळा सोडता येईल, कागदाला खिळा नाही. आणि त्यांना विचारा, ब्रश कुठल्या केसांचा वापरायचे. शक्य असेल तर मीही रविवारी येतो.